साधा हात

संयोगिता चौगुलेच्या घरात दोन ऋतू नांदत होते आणि त्यांच्या मधे एक जाड पडदा होता. पडद्याच्या एका बाजूला तिची खोली. तिथं बारा महिने खोबरेल थिजलेलं असायचं आणि पाहुणा आला की दाराशीच त्याच्या हातात शाल दिली जायची. दुसऱ्या बाजूला शिवतेजची खोली आणि स्वयंपाकघर. तिथं पंखासुद्धा नव्हता, आणि तोच पाहुणा दोन मिनिटांत शाल काढून शर्टाची बटणं सैल करायचा. मधल्या उंबरठ्यालगत ओवीची गादी होती. ओवी साडेचार वर्षांची होती आणि तिला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी आईचा हिवाळा आणि पप्पांचा उन्हाळा असतो.

उचगावात लोक हसायचे. नवराबायकोचं पटत नाही म्हणून मधे पडदा आला, असं काहींनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. खरं तर त्यांचं चांगलं पटत होतं. दोघं कोल्हापूरच्या आयटीआयला एका वर्गात होती, तिथंच जमलं, आणि घरच्यांनी थोडी आदळआपट करून लग्न लावून दिलं. भांडायची ती तापमानावरून, आणि ते भांडण कुठल्या घरात नसतं?

शिवतेज शिरोलीच्या एका फौंड्रीत भट्टीवर होता. संयोगिता गोकुळ शिरगावातल्या आइस्क्रीमच्या कारखान्यात, शून्याखाली वीस-पंचवीस अंश असलेल्या गोदामात. उचगाव दोन्हीच्या मधे पडतं, म्हणून घर तिथं घेतलं. लग्नानंतरची पहिली वर्षं दोघंही कामावरून गळून यायची. त्याला भट्टीपाशी वीस मिनिटं काम केलं की शेडमध्ये बसून मीठ-साखरेचं पाणी प्यावं लागे. तिला जाडजूड कोट घालूनही थोड्या वेळानं बाहेर येऊन बोटं चोळत बसावं लागे. मग ऋतुमात्रा आली.

माणसाचं शरीर आतून सदतीस अंशांच्या आसपास राहायला धडपडत असतं. तीन-चार अंश वर गेलं की मेंदू गोंधळतो, तितकंच खाली गेलं की हातपाय ऐकेनासे होतात. उष्णतेत रोज काम केलं की शरीर हळूहळू शिकतं. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं आणि हृदय उगाच धावत नाही. पण हे शिकायला दोनेक आठवडे लागतात आणि लांबची सुट्टी घेतली की शिकलेलं सगळं पुसलं जातं. थंडीचा धडा त्याहून अवघड. तान्ह्या बाळाच्या पाठीत एक तपकिरी चरबी असते. ती न कुडकुडता नुसती जळते आणि बाळाला ऊब देते. मोठेपणी ती फार थोडी उरते.

ऋतुमात्रा म्हणजे हे धडे शरीराला एका इंजेक्शनात पढवायची युक्ती. ग्रीष्ममात्रा घेतलेल्याचं रक्त सतत कातडीशी येऊन उष्णता बाहेर टाकत राहायचं, आणि मेंदूतला 'आता बास' म्हणणारा काटाही थोडा पुढं सरकायचा. शिशिरमात्रेनं उलट व्हायचं. तपकिरी चरबी पुन्हा जागी होऊन आत पेटायची आणि रक्त कातडीपासून मागं सरून ती ऊब सांभाळायचं. एका रात्रीची कणकण सोसली की पुढं तीन आठवडे चिंता नसे. हातमोजे, गॉगल, डॉक्टरांची तपासणी हे सगळं तसंच होतं, पण काम करणारा माणूस आता कामाला पुरून उरत होता.

संयोगिताला हे मनापासून आवडलं होतं. गोदामाचं दार उघडून आत पाऊल टाकलं की तिला माहेरी आल्यासारखं वाटायचं. तिथं तिचं डोकं स्वच्छ चालायचं. पूर्वी ज्या कामाला चार माणसं आलटून पालटून लागत, ते ती आणि तिची एक जोडीदारीण मिळून उरकायच्या. अंग आतून जळत असल्यामुळे तिची भूक मात्र राक्षसाची झाली होती. पाच भाकरी खाऊन ती सहावीकडं बघायची. त्या भाकऱ्या शिवतेज करायचा, कारण चुलीपुढं उभं राहायला आता त्याला काहीच वाटत नसे. वैद्यकशास्त्रानं लावलेला हाच सगळ्यात मोठा शोध आहे, असं संयोगिता कारखान्यात बायकांना सांगायची.

आता पुढची पायरी आली होती. कायमची मात्रा. एकदा घेतली की दर तीन आठवड्यांची सुई गेली आणि शरीर जन्मभर त्या ऋतूत राहिलं. ती घेणाऱ्याला बढती होती. संयोगिताला गोदामाची इन्चार्ज करायचं ठरलं होतं आणि शिवतेजला भट्टीचा मुख्य. दोघांनी होकार कळवला होता. सोमवारी जायचं होतं. पडद्याच्या जागी भिंत घालायची आणि तिला काचेची खिडकी ठेवायची, एवढंच काय ते बाकी होतं.

त्याच आठवड्यात ओवी किरकिर करायला लागली.

"आई, थंडी वाजतीय," ती म्हणाली तेव्हा संयोगिता आपल्या खोलीत डबा भरत होती. या घरात हे वाक्य दिवसातून दहा वेळा यायचं आणि त्याचं उत्तर ठरलेलं होतं. पप्पांच्या खोलीत जा. ओवी गोधडी ओढत तिकडं गेली. थोड्या वेळानं तिकडून आली आणि उकडतंय म्हणाली. त्याचंही उत्तर ठरलेलं होतं. शिवतेजनं तिला आईकडं पिटाळलं. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ती अशी पडद्याच्या अलीकडं-पलीकडं करत राहिली आणि दोघांनाही त्यात वावगं काही दिसलं नाही.

संयोगितानं तिच्या कपाळाला हात लावला नाही असं नाही. लावला. कपाळ गरम लागलं. पण तिला सगळंच गरम लागायचं. तिच्या हाताकडं रक्तच कमी यायचं, हात काकडीसारखा गार, आणि त्या हाताला शिवतेज गरम, शेजारीण गरम, दाराची कडीसुद्धा गरम. पहिल्या महिन्यात तिनं तीन वेळा ओवीला डॉक्टरकडं नेलं होतं आणि तीनही वेळा डॉक्टरांनी हसून परत पाठवलं होतं. तेव्हापासून ती आपल्या हाताचं मनावर घेत नसे. तरी तिनं पडद्याआड हाक मारून शिवतेजला बघायला सांगितलं. त्यानं आपला तापलेला तळवा लेकीच्या कपाळावर ठेवला.

"गार हाय की," तो म्हणाला. "खेळून दमली आसंल."

घरात थर्मामीटर होता. कपाटाच्या वरच्या खणात, डबीत. पण थर्मामीटर काढायचा की नाही हे आधी हात सांगतो, आणि या घरातले दोन्ही हात खोटं बोलत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी संयोगिता गोदामातून डबा खायला बाहेर आली तर फोनवर बालवाडीचे पाच कॉल येऊन पडले होते. ओवीला झटका आला होता. डोळे फिरले, अंग ताठ झालं, हातपाय उडाले. बालवाडीच्या कुंभोजकर मॅडमनी तिला कुशीवर वळवून धरलं होतं आणि झटका थांबताच रिक्षानं राजारामपुरीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात नेलं होतं. संयोगिता पोचली तेव्हा लेक सलाइन लावून झोपली होती आणि तिचा चेहरा लाल पडला होता. पाठोपाठ शिवतेज आला. कपड्यांवर भट्टीची काजळी तशीच.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. त्यांनी नीट समजावून सांगितलं. या वयात ताप डोक्यात गेला की असा झटका येतो, सहसा त्यानं पुढं नुकसान होत नाही. काळजी छातीची होती. न्यूमोनिया धरला होता आणि तो एका दिवसाचा नव्हता. ताप किमान दोन दिवस अंगात असणार, आणि चांगला सणकून असणार. त्यांनी पहिल्यांदा आईकडं आणि मग वडिलांकडं पाहिलं.

"एवढा ताप होता, कुणाच्या हाताला लागला नाही?" त्यांनी विचारलं.

शिवतेजनं काजळीचे हात मागं घेतले. कुंभोजकर मॅडम बाकावर बसून होत्या. सकाळी वर्गात येताना ओवीचं बोट धरलं तेव्हाच आपल्याला चटका बसला होता, पण घरून पाठवलंय म्हणजे बघूनच पाठवलं असेल असं वाटलं, असं त्या अपराध्यासारख्या सांगत होत्या. त्यांचं ते ऐकून संयोगिताला पहिल्यांदा रडू फुटलं. जिचा काही दोष नव्हता ती बाई माफी मागत होती आणि ज्या हातानं लेकीला न्हाऊमाखू घातलं त्याला काही कळलं नव्हतं.

ओवीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरणीला लागला. डॉक्टरांनी आता भीती नाही म्हणून सांगितलं. भीती गेली तशी जागा झाली, आणि त्या जागेत भांडण आलं. दवाखान्याच्या जिन्यात शिवतेज म्हणाला की सोमवारचं काहीतरी ठरवायला पाहिजे. दोघांनी कायमची घेतली तर असं पुन्हा होणार.

"तू सोड," तो म्हणाला. "तुझी बंद झाली की घरात एक हात तरी नीट राहील."

संयोगितानं त्याच्याकडं बघितलं. "माझीच का?"

"आईचा हात त्यो आईचा..." एवढं बोलून तो थांबला, कारण तिचा चेहरा त्याला दिसला.

"आन् तुला हात न्हाई व्हय?" ती म्हणाली. "तिच्या कपाळावर हात ठिवून गार हाय म्हणालास, त्यो कुणाचा हुता?"

तो पायरीवर बसला. ती उभीच राहिली. तिला सगळ्यात जास्त राग कशाचा आला होता तर, तो बोलायच्या आधी तीसुद्धा हेच सांगणार होती. मी सोडते, हे वाक्य तिच्या तोंडात तयार होतं. कुणी न विचारता, कुणी न सांगता. गोदाम, इन्चार्जची खुर्ची, ते स्वच्छ चालणारं डोकं, सगळं ती एका जिन्यात टाकून देणार होती, आणि समोरचा माणूस तेच हक्कानं मागत होता. ती त्याला हे सगळं म्हणाली. आवाज न चढवता, एकामागून एक. शिवतेज ऐकत राहिला. मग म्हणाला की त्याला भट्टी सोडवत नाही. पूर्वी वीस मिनिटांत तिथून पळावं लागायचं तेव्हा रोज हरल्यासारखं वाटायचं आणि आता वाटत नाही.

"मग तुला कळतंय की मला काय वाटत आसंल," संयोगिता म्हणाली. त्यानं मान डोलावली, उगाच वाद घातला नाही, ही त्याची चांगली गोष्ट.

सोमवारी ती एकटीच ऋतुमात्रा केंद्रावर गेली. तिथल्या प्रमुख डॉ. नाझनीन मुल्ला. मात्रेच्या पहिल्या चाचण्यांपासून त्या या कामात होत्या, आणि संयोगिता ही त्यांची लाडकी केस, कारण तिचे आकडे नेहमी सुरेख यायचे. त्यांनी सुईची तयारी ठेवली होती. संयोगितानं आधी खुर्ची ओढून घेतली आणि घडलं ते सांगितलं. थंडी वाजतीय, उकडतंय, पडद्याच्या अलीकडं, पलीकडं. डॉ. मुल्लांनी मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी हातमोजे काढले.

"आम्ही हृदय मोजलं, रक्त मोजलं, घाम मोजला," त्या म्हणाल्या. "कामावरचा माणूस आम्हाला पाठ झाला. तो घरी जाऊन पोरांच्या कपाळावर हात ठेवतो, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही."

मात्रा वाईट नाही, हे संयोगितानंच त्यांना सांगितलं. तिला ती हवीच होती. पण कायमची नको, आणि दोघांना एका वेळी नको. तिचा हिशेब साधा होता. तीन आठवड्यांची मात्रा घेतली नाही तर शरीर आपोआप मूळ पदावर येतं. मग पाळी लावायची. एकाची मात्रा चालू असेल तेव्हा दुसऱ्याचा हात साधा. डॉ. मुल्लांनी विचारलं, पहिला साधा कोण? संयोगितानं सांगितलं, शिवतेज. आइस्क्रीमचा हंगाम तोंडावर आला होता, आणि नागपंचमी झाली की पाळी बदलायला ती तयार होती.

घरी हे सांगितलं तेव्हा शिवतेज लगेच हो म्हणाला नाही. उन्हाळ्यात भट्टीपुढं साध्या अंगानं उभं राहायचं म्हणजे काय, हे त्याला आठवत होतं. तो ओवीच्या गादीशी बराच वेळ बसला. बरी होत आलेली ओवी चित्रात रंग भरत होती. त्यानं तिच्या कपाळाला हात लावला, उलटा करून लावला, मग गालाला लावला, आणि शेवटी थर्मामीटर आणायला उठला. त्या उठण्यातच त्याचा होकार आला.

पुढचे दिवस सोपे गेले असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नये. मात्रेचा अंमल उतरला तसा शिवतेज संध्याकाळी घरी येऊन भिंतीला टेकून बसायला लागला. फौंड्रीत आणखी एक भानगड निघाली. सगळ्यांनी ग्रीष्ममात्रा घेतल्यापासून विश्रांतीच्या शेडची कुणाला गरज उरली नव्हती, म्हणून तिथं जुने लाकडी साचे रचून ठेवले होते. पाण्याचा पिंपही कुणीतरी उचलून नेला होता. साध्या अंगाच्या माणसाला बसायला जागाच नव्हती. पहिल्या दिवशी तो मोटारसायकलींच्या सावलीत बसला आणि पोरांनी त्याची चेष्टा केली. चौगुले नाजूक झाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन शेड मागितली. मागताना लाज वाटली, असं त्यानं संयोगिताला सांगितलं. मॅनेजर म्हणाला की मात्रा फुकट मिळत असताना शेड कशाला? तेव्हा शिवतेजनं ओवीची गोष्ट सांगितली. मॅनेजरलाही लहान मुलगा होता. दुपारीच त्यानं साचे हलवायला दोन माणसं लावली. पंखा आला, पिंप आला, मीठ-साखरेच्या पुड्या आल्या, वीस मिनिटांनी घंटा वाजायला लागली. आठवडाभरात त्याच्या शेजारी बाकावर आणखी एक जण येऊन बसला, शिये गावचा, ज्याला नुकतं बाळ झालं होतं. मग आणखी दोघं.

संयोगिताला बढती मिळायला वेळ लागला. कायमची मात्रा नाही तर इन्चार्ज कशी, असं तिच्या साहेबांचं म्हणणं होतं. इन्चार्जच्या कामातलं असं कोणतं काम आहे जे तीन आठवड्यांच्या मात्रेनं होत नाही, ते दाखवा, असं तिचं म्हणणं होतं. त्यांनी बराच शोध घेतला आणि सापडलं नाही. हंगामापुरती म्हणून खुर्ची दिली. तिथं एकदा बसल्यावर तिला उठवणं कुणाला सोपं जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं आणि बहुतेक त्यांनाही.

डॉ. मुल्लांनी आपल्या केंद्रावर नियम केला. घरात लहान मूल असेल तर आईबापांना एकाच वेळी मात्रा द्यायची नाही आणि कायमची तर नाहीच. लोकांनी तो नियम आपल्या शब्दांत करून घेतला. 'घरात एक हात साधा' असं शिरोलीत म्हणायला लागले. पोरगी बघायला गेलेल्या पाहुण्यांनीही ते विचारायला सुरुवात केली, कुणाचा हात साधा ठेवणार म्हणून.

ऐन मे महिन्यातल्या एका सकाळी शिवतेज भाकऱ्या थापत होता. चुलीपुढं आता त्याला घाम फुटायचा आणि तो वरचेवर बाहीनं कपाळ पुसायचा, पण भाकऱ्यांचं काम काही त्यानं परत दिलं नव्हतं. संयोगितानंही मागितलं नव्हतं. ओवी गादीवर गोधडी गळ्यापर्यंत ओढून पडली होती. त्या दिवशी बालवाडीच्या उन्हाळी वर्गात तिला सगळ्यांपुढं उभं राहून कविता म्हणायची होती.

"मला ताप आलाय," तिनं बारीक आवाजात जाहीर केलं. "लई आलाय."

संयोगितानं पडद्यातून हात घालून कपाळ चाचपलं. गरम लागलं. नेहमीसारखंच. पूर्वीची ती असती तर एकतर घाबरली असती, नाहीतर हात झटकून कामाला गेली असती. आता तिनं नुसतं शिवतेजकडं पाहिलं.

त्यानं पीठ झटकलं, हात धुतले, कोरडे केले आणि गुडघ्यावर बसून तळवा लेकीच्या कपाळावर ठेवला. त्यानं घाई केली नाही. ओवी डोळे मिटून, ओठ पाडून, आजारी माणसासारखी पडून राहिली. संयोगिता पडदा धरून उभी होती. ते दवाखान्यातलं सगळं अजून इतकं जवळ होतं.

"न्हाई," शिवतेज म्हणाला. "कायबी न्हाई. ऊठ, कविता म्हणायची हाय."

ओवीनं डोळे उघडले आणि त्याच्याकडं रागानं बघितलं.

"पप्पा, तुझा आधीचा हात चांगला होता," ती म्हणाली.

संयोगिता हसता हसता रडायला लागली आणि ते दिसू नये म्हणून पडद्याआड गेली. तिला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. पलीकडून शिवतेज ओवीला कवितेची पहिली ओळ विचारत होता आणि ओवी मुद्दाम चुकीची सांगत होती. तिनं डोळे पुसले, डब्यात पाच भाकऱ्या भरल्या, सहावी हातात घेऊन खात खात बाहेर पडली. पंचमीला पाळी बदलणार होती, आणि मग असा खोटा ताप पकडायची वेळ तिची होती.